देवाच्या नावावर किती खपवणार?

कारखान्यात आग लागून माणसे दगावली की सांत्वनाला आलेली मंडळी 'देवाची इच्छा' म्हणून निःश्वास टाकतात. आम्ही धर्मगुरू आहोत, म्हणूनच हे वाक्य आम्हांस सहन होत नाही.

8 डिसेंबर 2019 च्या पहाटे दिल्लीतील अनाज मंडीच्या एका इमारतीत 43 जण मेले. दिवसा जेथे राबायचे, तेथेच ते कामगार रात्री झोपत. बहुतेक जण गुदमरून गेले. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या. त्या देवाने बसविल्या होत्या काय?

धूर डोळ्यांना झोंबतो, एवढेच आपण जाणतो. परंतु त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागाही होत नाही. आणि चालत बाहेर आलेल्याची श्वासनलिका काही तासांनी सुजू शकते. तेव्हा 'बरा दिसतो' म्हणून त्याला परस्पर घरी नेऊ नये.

सुटकेची वाट मोकळी ठेवा, असे 1948 च्या कारखाना अधिनियमातच लिहिले होते. तरी दाराला कुलूप! कारण विचारले तर म्हणे चोरी होते. मालाला राखण आहे, माणसाला नाही.

दिल्ली दूर आहे, असे कोणी समजू नये. आमच्या धर्मग्रामातही वाड्या मोडून गाळे उभे राहिले. त्यांचे भाडे घेणारे काही जण रविवारी पहिल्या बाकावर असतात. भाडे मोजून घेताना त्यांनी गाळ्याचे मागचे दार एकदा तरी उघडून पाहिले आहे काय?