वंशावळीत नसलेली नावे

घराण्याच्या इतिहासाचे आपणा मराठी माणसांना भारी वेड. कोणाचा मूळ पुरुष सूर्यवंशी निघतो, कोणाचा चंद्रवंशी. चार पिढ्यांमागे मोट हाकणारा पणजोबा मात्र कोणाला आठवत नाही! हे वेड आपल्यापुरतेच आहे असेही नाही. रशियात १६८२ साली झार फ्योदोर याने घराण्याच्या मानपानावरून पदे देण्याची जुनी चाल मोडली आणि त्या मानाच्या वह्या जाळून टाकल्या. मग सरदारमंडळींसाठी वंशावळींचा नवा ग्रंथ सिद्ध झाला. त्याची बांधणी मखमलीची, म्हणून त्याला ‘मखमली पुस्तक’ म्हणू लागले. त्या निमित्ताने कित्येकांनी आपापले मूळ पुरुष थेट परदेशातून आणून उभे केले. हे वाचताना मला आपल्याकडचे भाट आठवले.

त्या सरदारांची आडनावे पाहिली की तर अगदी घरच्यासारखे वाटते. व्याझ्मा गावचे ते व्याझेम्स्की, वोल्कोना नदीच्या काठचे ते वोल्कोन्स्की. आपल्याकडे होळ गावचे ते होळकर. फरक इतकाच की वोल्कोन्स्की आपले कुळ रुरिक राजापर्यंत नेऊन भिडवीत. मल्हारराव होळकर मात्र मेंढपाळाच्या पोटी जन्मले, लहानपणीच बापाला पारखे झाले आणि आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाच्या, भोजराज बारगळांच्या, आश्रयाला आले. पुढे मामाची मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. पराक्रमावर ते माळव्याचे सुभेदार झाले, हे शाळेच्या पुस्तकात येते. पण १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे निराळी खासगी जहागीर लावून दिली, हे किती जणांना ठाऊक असते? दौलत सुभेदाराची, खासगी त्याच्या बायकोची. तिचा हिशेब वेगळा, कारभारी वेगळे.

मला तर होळकरांच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. मल्हारराव १७६६ साली गेले, नातू मालेराव पुढच्याच वर्षी. वंशावळीच्या हिशेबाने घराणे तिथेच संपले! तुकोजी होळकर, ज्यांच्याकडे फौज सोपविली, ते मल्हाररावांचे रक्ताचे वारस नव्हतेच. मग १७६७ पासून १७९५ पर्यंत घराणे कोणी चालविले? चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या लेकीने. काशीविश्वेश्वर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर ही देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे, यांचा खर्च अहिल्याबाईंनी खासगीतून केला, सरकारी खजिन्याला हात लावला नाही, असे सांगतात. आपण त्यांना ‘पुण्यश्लोक’ म्हणतो, तसबिरीत हातावर शिवलिंग देतो आणि मोकळे होतो. मल्हाररावांनी सुनेला लिहिलेल्या पत्रांत तोफा आणि दारूगोळा पुढे नेण्याच्या सूचना आहेत. ती पत्रे वाचली की तसबिरीतली बाई आपल्याला पुरती कळलेली नाही असे वाटू लागते.

वोल्कोन्स्कींकडेही असेच झाले. सेर्गेई वोल्कोन्स्की हा नेपोलियनशी लढलेला सेनापती. १८२५ च्या डिसेंबरातल्या उठावाच्या कटात सापडला, पदवी गेली, सैबेरियाची शिक्षा झाली. त्याची पत्नी मारिया ऐन विशीतली. मागून जाल तर सरदारकीचे हक्क जातील, तिकडे होणारी मुले सरकारी कुळे ठरतील, अशी सरकारची अट. तान्हे मूल मागे ठेवून ती गेली. ते मूल पुन्हा तिच्या दृष्टीस पडले नाही. जवळजवळ ३० वर्षे तिने तिकडे काढली. पुढे मुलांसाठी तिने आठवणी लिहिल्या, त्या १९०४ साली छापून निघाल्या. आज रुरिकाशी कोणाचे किती पिढ्यांचे नाते, हे कोण विचारतो? मारियाच्या आठवणी मात्र लोक वाचतात. टॉल्स्टॉयची आईही वोल्कोन्स्कींचीच लेक, आणि ‘युद्ध आणि शांती’तले बोल्कोन्स्की हे त्याच नावाचे एक अक्षर बदललेले रूप.

रशियातल्या पदव्या १९१७ साली एका हुकुमाने गेल्या. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपली. मला त्याचे यत्किंचितही दुःख नाही. पदवी गेल्यावर काय शिल्लक राहते, ते पाहावे. होळकरांच्या खासगीतल्या देवळांचा आणि घाटांचा कारभार १९६२ पासून एका विश्वस्त संस्थेकडे आहे आणि त्या मिळकतींचा वाद २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वंशज कोण यापेक्षा घाट कोणाचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण घाटावर उतरणारे लोक आपणच आहोत.

आपल्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्याबाईंचे नाव मिळाले. कोल्हारहून चौंडी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण पाटी बदलली ती प्रवराकाठीही. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण जिल्ह्याला एका सुनेचे नाव देणारे आपण घरात काय करतो? आमच्या ओसरीवर चौकटीत बसविलेली वंशावळ आहे. नऊ पिढ्या, साठ-सत्तर नावे, त्यांत बाईचे एकही नाही. वाचणाऱ्याला वाटावे, आमच्या घरात पुरुष पुरुषांपासूनच जन्मले! चुलत्यांना मी तसे म्हटले तर ते म्हणाले, “अगं, पोरी परक्या घरच्या, त्यांची नावं कुठं घालायची?” मग घरात आलेल्या सुनांची कुठे गेली, याचे उत्तर मिळाले नाही. नवरात्रात भगवतीपुढे मात्र रांगेत सर्वांत पुढे तेच असतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून किल्ल्यांची चित्रे चिकटविण्यापेक्षा हे काम द्यावे असे माझे मत आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या बायकांची नावे लिहावीत: माहेरचे नाव, सासरचे बदललेले नाव, माहेरचे गाव, आणि विहीर खणताना कोणाचे डाग मोडले तेही. घाई केली पाहिजे, कारण हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवरच मिळेल. माझ्या आजीला तिच्या सासूच्या सासूचे माहेर ठाऊक आहे, नेवाशाकडचे. नाव आठवत नाही. सगळे तिला ‘नेवासकरीण’ म्हणत, एवढेच ती सांगते. तेवढे मी वहीत उतरवून घेतले आहे.