पडायला जागा कुठंय?

तुम्ही शेवटचे कधी पडला होता? परीक्षेत नाही हो, खरंखुरं. गुडघा फुटून, कोपर खरचटून. आठवायला वेळ लागतोय ना? मलाही लागला.

गेल्या सुट्टीत देऊळगाव राजाहून पुण्याला ताईकडे गेले होते. सात वर्षांच्या भाच्याला घेऊन एका ॲक्टिव्हिटी सेंटरला गेलो. भल्यामोठ्या शेडमध्ये एका बाजूला ट्रॅम्पोलिन आणि दुसऱ्या बाजूला स्केटपार्क. प्लायवूडचे उतार, मधे घसरायला लोखंडी पाईप. हेल्मेट आणि पॅड ते देतात. पैसे तासावर, शिवाय त्यांचेच सॉक्स विकत घ्यायचे. आकडा ऐकला आणि तेवढ्यात जालन्याला एसटीच्या किती फेऱ्या होतील याचा हिशेब मी मनात सुरू केला. सवय जात नाही आपली. आमच्याकडे असं सेंटर वर्षातून एकदाच येतं, बालाजीच्या यात्रेत, आकाशपाळण्याच्या रूपात!

तिथल्या कोचने पोरांना बोर्डवर उभं करायच्या आधी पडायला शिकवलं. गुडघे वाकवा, अंग सैल सोडा, सगळा भार मनगटावर घेऊ नका, खांद्यावरून लोळा. दहा मिनिटं नुसतं पडणं. भाचा पडला, उठला, "मावशी, बघ!" ओरडून मुद्दाम परत पडला. मग कोच मला म्हणाला, "ताई, तुम्ही पण ट्राय करा ना." मी पटकन म्हटलं, "नाही नाही, मी ह्याच्यासोबत आलेय." वय वर्षं एकोणीस, आणि मी पालकांच्या बाकावर बसून बॅगा सांभाळत होते.

ते "नाही नाही" अजून डोक्यातून जात नाही. मला कुणीच अडवलं नव्हतं, तरी ते आपोआप तोंडातून निघालं. तुमच्या गावातलं मैदान आठवा. पोरांचं क्रिकेट तरी चालू असतं. मुली आठवी-नववीनंतर मैदानाच्या कडेकडेने 'वॉक' घेतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात पदकं घेणाऱ्या तिघींची वयं होती १३, १३ आणि १६. आपल्याकडे नेमकं याच वयात "आता मोठी झालीस, उड्या मारू नको" सुरू होतं.

ते जपान-ब्राझीलचं, आपलं काय, असं म्हणू नका. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण घेतलंय. आणि पुणं लांब वाटत असेल तर मध्य प्रदेशातलं जनवार बघा. पन्ना जिल्ह्यातलं एक खेडं. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथं २०१५ला उघड्यावर काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. ना एसी, ना तिकीट. दोन नियम मात्र पक्के: शाळेत गेला नाहीत तर स्केटिंग नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्याच गावातली आशा गोंड २०१८ला चीनमध्ये जागतिक स्पर्धेत उतरली. मला तो दुसरा नियम फार आवडतो. जागा सगळ्यांसाठी आहे असं नुसतं म्हटलं की ती कुणाच्या ताब्यात जाते, हे तुम्हाला माहितीये.

आता घरी कुणी म्हणेलच, "आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा, मग तुमचं स्केटिंग." बरोबर आहे, खड्ड्यांवर बोर्ड चालतही नाही. पण जागा नाही, हे मात्र मला पटत नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिलाच आपण 'ओपन स्पेस' म्हणतो. तुमच्या कॉलनीतली ओपन स्पेस एकदा जाऊन बघा. बाभळी असतील, नाहीतर कुणाची तरी वाळू पडलेली असेल. तिथं गुळगुळीत काँक्रीटचा एक चौकोन आणि दोन उतार करायला काही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागेल तो वॉर्डाच्या नगरसेवकाला दिलेला एक अर्ज. त्यावर कॉलेजातल्या पन्नास जणांच्या सह्या. आणि त्यात मुलींसाठी राखीव वेळ स्पष्ट लिहिलेली. ते नंतर बघू म्हटलं तर कधीच होणार नाही.

अर्जाचा कच्चा मसुदा मी लिहिलाय, सह्या आत्ताशी अकरा झाल्यात. तोवर दिवाळीत परत पुण्याला जातेय. या वेळी दोन तिकिटं काढणार. भाच्याला सांगून ठेवलंय, मावशी पडली की हसायचं नाही.