आडवी बाटली, उभी बाटली

मैत्रिणींनो, निवडणुकीत आजवर किती चिन्हं आली नि गेली! पण खेड्यातल्या बायकांच्या हाती कधी कधी अशी एक मतपत्रिका येते, की तिच्यावर ना उमेदवाराचं नाव, ना पक्षाचं. दोनच चित्रं. एक बाटली उभी, एक आडवी. दारूचं दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं वाटत असेल तर आडवीवर. महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशात ही सोय आहे. गावातल्या निदान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान.

एरवी गावातलं मतदान कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात, पॅनेलं उभी राहतात. भावकी कुणाकडे, वाडी कुणाकडे, हे पारावर ठरतं आणि घरातली पाच मतं एकाच गाठोड्यात बांधून जातात. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या खऱ्या, तरी पुष्कळ ठिकाणी कारभार ‘सरपंचपती’च बघतात! बाटलीच्या मतदानात मात्र हे गाठोडं सुटतं. एरवी दोन पॅनेलांत वाटल्या गेलेल्या जावाजावा एका रांगेत उभ्या राहतात. कारण मजुरीच्या दिवशी रिकाम्या खिशाने घरी येणारा नवरा दोन्ही पॅनेलांत असतो.

पण खरी मेख पुढेच आहे. दुकान बंद व्हायचं तर आलेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, यादीत १,००० बायका आहेत. त्यातल्या १०० लग्न होऊन किंवा पोटापाण्यासाठी बाहेर गेल्या, ४० देवाघरी गेल्या, पण नावं तशीच राहिली. मतदानाला ६०० जणी आल्या आणि त्यातल्या ४९० जणींनी बाटली आडवी केली. म्हणजे पाचातल्या चौघींनी हो म्हटलं. तरी दुकान चालूच! म्हणजे न आलेली प्रत्येक बाई, तिची इच्छा असो वा नसो, उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

तुम्ही म्हणाल, “आम्ही बोरिवली-मुलुंडला राहणाऱ्या, आम्हाला काय त्याचं?” अहो, त्या बाहेर गेलेल्यांत आपणच नाही का? आमच्या बिल्डिंगमध्ये अशा तिघी-चौघी सहज निघतील. लग्नाला दहा वर्षं झाली, रेशनकार्ड इथलं, मुलांची शाळा इथली, नाव मात्र माहेरच्या यादीत. विचारलं तर एक जण म्हणाली, “राहू दे की, तेवढाच माहेराशी धागा. उद्या वाटणीच्या वेळीही उपयोगी पडेल.”

धाग्याचं मला कळतं. पण वाटणीचा आणि मतदारयादीचा काडीचाही संबंध नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे, तो यादीतल्या नावावर अवलंबून नाही. आणि धागाच म्हणाल, तर तो नेमका कुणाला आधार देतोय? तुमची वहिनी भर उन्हात सह्या गोळा करत फिरते आणि तुमचं बसून राहिलेलं नाव तिची बेरीज कमी करतं.

यादीतलं नाव ही किती मोलाची गोष्ट आहे, हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलींना आवर्जून सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. ती नावं उत्तर आणि मध्य भारतातली होती, पण धडा सगळ्यांनाच आहे. तेव्हा नाव नसल्याने मत बुडालं, आज नको तिथे असल्याने बुडतं.

तेव्हा करायचं काय, तर नमुना ८ चा अर्ज भरायचा. घर बदलल्याची नोंद आणि नावातली दुरुस्ती, दोन्ही त्यातच होतात. घरात कुणी वारलं असेल किंवा नाव वगळायचं असेल तर नमुना ७, आणि लेक १८ वर्षांची झाली की तिचं नाव नोंदवायला नमुना ६. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, तेव्हा ‘इथेही नि तिथेही’ हा मोह नकोच.

बाटली आडवी झाली की सगळं आलबेल होतं, असंही नाही हं. आदेश परवान्याच्या दुकानापुरता आहे, हातभट्टी मागच्या दाराने येऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांच्या मोठ्या लढ्यानंतर २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठलीसुद्धा. पण आपल्या दारापुढचं दुकान हवं की नको, हे ठरवायचा हक्क तिथे राहणाऱ्या बायकांचा आहे. निदान आपल्या नावाने तरी त्यांची वाट अडवायला नको.

दिवाळीला नाहीतर मे महिन्यात गावी जालच. तेव्हा वहिनीसाठी साडी न्या, मुलांना खाऊ न्या. पण त्याआधी नमुना ८ भरून जा.