हातांत कला नाहीं म्हणे!

'आमच्या हातांत मुळीं कलाच नाहीं,' हें वाक्य आमच्या सुशिक्षित कुटुंबांत इतक्या सहजपणें उच्चारिलें जातें कीं, तें खरें कीं खोटें याची चौकशी करावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. हिशेब जमत नाहीं, धड पत्र लिहितां येत नाहीं, असें सांगावयास याच गृहस्थांस लाज वाटते. चित्र काढतां येत नाहीं हें मात्र ते भूषणासारखें सांगतात. या बोलण्याच्या पोटीं विनय नाहीं, आळस आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें मांडण्यासाठींच हा लेखप्रपंच.

आम्ही स्वतः पन्नाशी उलटेपर्यंत हेंच वाक्य घोकीत होतों. शाळेंत काढलेल्या एका झाडावर 'झाडासारखें नाहीं' म्हणून लाल फुली पडली आणि त्या दिवशीं हातची पेन्सिल सुटली. पुढें महाविद्यालयांत तीस वर्षें विद्यार्थ्यांस वर्ड्सवर्थचा निसर्ग समजावून सांगितला. परंतु शिरवण्यासारख्या खाडीजवळच्या गांवांत राहूनहि तिवराचें झाड कसें दिसतें, हें कोणी विचारलें असतें तर आम्हांस सांगतां आलें नसतें! अखेर एका सकाळीं वही घेऊन पाम बीच मार्गापलीकडे खाडीच्या कडेला जाऊन बसलों. पहिल्याच आठवड्यांत आमच्या अज्ञानाचें माप पदरांत पडलें. मुळें जमिनींत जातात एवढेंच आम्हांस ठाऊक. येथें तीं चिखलांतून वर आलेलीं, पेन्सिली रोवून ठेवाव्या तशीं उभीं, कारण त्या चिखलांत झाडाला श्वासापुरती हवा मिळत नाहीं. डबींतला हिरवा रंग लावला तर झाड खोटें दिसे. पान उलटून पाहिलें तेव्हां त्याची पाठ रुपेरी करडी निघाली, आणि वारा सुटला कीं सारें झाड फिकें कां होतें हें उमगलें. पानावर मिठाचे कणहि सांपडले. हे धडे आम्हांस कोणीं दिले? जाणारे-येणारे मात्र एकच प्रश्न विचारीत, 'सर, क्लास कोठें लावला?'

या प्रश्नांतच आमच्या वर्गाचें सारें कलाशास्त्र सामावलेलें आहे. क्लास, परीक्षा आणि प्रमाणपत्र या तीन पायऱ्या चढल्यावांचून विद्या घरांत येतच नाहीं, अशी आमची श्रद्धा! एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस आपण मुलांस बसवितों, पण तें दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून. गुण हातीं आले कीं रंगपेटी माळ्यावर जाते. चाळीस वर्षांनीं ती कोणीं खालीं काढलीच, तर 'आतां या वयांत?' म्हणून घरचींच माणसें हंसतात.

'या वयांत' म्हणणारांनीं रवींद्रनाथांकडे पाहावें. कोणत्याहि कलाशाळेची पदवी नसलेल्या या कवीनें साठी उलटल्यावर नेटानें चित्रें काढावयास घेतलीं. हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळींतून आकार निघत गेले, आणि १९३० सालीं पॅरिसला त्यांचें प्रदर्शन भरलें. 'शिकविल्यावांचून कसें येईल?' म्हणणारांनीं कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचें चरित्र वाचावें. नाटकाचे पडदे रंगवितां रंगवितां हा मनुष्य घडला, आणि पुढें सिनेमाचा कॅमेराहि त्यानें कोल्हापुरांतच तयार केला.

पण एवढें दूर तरी कशाला जावें? पूर्वीं आमच्याच ठाणें जिल्ह्यांत असलेल्या डहाणू तालुक्यांत जिव्या सोमा म्हसे होऊन गेले. लहानपणीं आई गेली तेव्हां हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळींत रेघा ओढून मनांतलें सांगूं लागला, असें सांगतात. वारल्यांत लग्नाचा चौक लिहिणें हें सुवासिनींचें काम. परंपरा त्यांच्या पाठीशीं होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चौकाची मर्यादा ओलांडून शेत, पाखरें आणि कागदभर पसरलेलें मासेमारीचें जाळें पांढऱ्या रेघांनीं उभें करावयास त्यांना कोणत्या क्लासानें शिकविलें? २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. आज वारली छापाचे पडदे आमच्या दिवाणखान्यांत झुलतात, आणि त्याच पडद्याखालीं बसून आम्ही म्हणतों, 'शिकल्याशिवाय कला येत नाहीं!'

शिक्षणाशीं आमचें वैर आहे असा अर्थ कोणी काढूं नये. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ पासून उभी आहे आणि तिचें ऋण महाराष्ट्रावर आहे. परंतु तेथें शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास परतून काय करीत होते? कोटितीर्थाच्या कांठीं बसून पाणी आणि झाडें रंगवीत होते. शाळा हात वळविते. पाहावें मात्र ज्याचें त्यानेंच लागतें. म्हणून जे गृहस्थ मोबाइलमधील छायाचित्रावर कागद ठेवून गिरवितात आणि स्वतःस 'स्वयंशिक्षित कलावंत' म्हणवितात, त्यांचाहि पक्ष आम्हांस घेतां येत नाहीं. ज्याला माणूस गुरु नाहीं, त्याला निसर्ग गुरु हवा; आणि हा गुरु मोठा कडक आहे. तो खुशामत करीत नाहीं.

आणि या गुरूशीं आम्ही वागतों कसे? आमच्या शहरानें रोहित पक्ष्यांचें, म्हणजे फ्लेमिंगोंचें, नांव मिरवावयास घेतलें. भिंतीभिंतींवर ते रंगविले आहेत आणि सारे एकसारखे गुलाबी! खाडींतले कित्येक मळकट पांढरे असतात, कोवळे तर करडे. कारण ती लाली जन्माबरोबर येत नाहीं, खाद्यांतून हळूहळू चढते. ठाणें खाडीचा भाग २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ सालीं रामसर यादींत गेला. तरीहि २०२४ सालीं नेरूळच्या पाणथळीजवळ हे पक्षी मेलेले आढळले. भरतीच्या पाण्याची वाट बुजली कीं पाणथळ आटते, हें समजण्यास कांहीं शास्त्रज्ञ व्हावें लागत नाहीं. भरती-ओहोटीला वही घेऊन चार दिवस तेथें बसावें लागतें. ज्यानें तिवराचें एक पान मन लावून काढलें आहे, तो त्या झाडावर भराव पडतांना स्वस्थ बसणार नाहीं. न पाहणाऱ्याला मात्र भिंतीवरचा पक्षी पुरतो!

'हातांत कला नाहीं' हें वाक्य म्हणूनच आम्हांस निरुपद्रवी वाटत नाहीं. त्याचा खरा अर्थ 'आम्हांस पाहावयाचें नाहीं' एवढाच आहे. वाचकांनीं येत्या रविवारीं माळ्यावरची रंगपेटी खालीं काढावी आणि दारासमोरचें कोणतेंहि एक झाड काढावयास बसावें. तें झाडासारखें येणार नाहीं. आमचें अजूनहि येत नाहीं. परंतु लाल फुली मारणारें आतां कोणी उरलेलें नाहीं, आणि झाड अजून उभें आहे. तोंवरच काय तें पाहून घ्यावें.