पहिल्या क्रमांकाची हमी

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला ‘पैसे भरा, गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो’ असे कुणी सांगितले, तर तो सौदा मुळातच पोकळ समजावा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. जाहिरातीची जागा विकत मिळते, तिच्याखालच्या निकालांतली नाही. स्थानिक शोधात गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते: ग्राहकाच्या गरजेशी मेळ, अंतर आणि दुकानाचा लौकिक. यातले अंतर कोणत्याही एजन्सीच्या हातात नाही. केनवडजवळून शोधणाऱ्यासाठी ते गावच्या दुकानाच्याच बाजूने असते.

गावात सगळे ओळखतात, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप निम्मा खरा आहे. पण पेरणीच्या तोंडावर चार गावे पलीकडचा शेतकरी दुकान उघडे आहे का, हे मोबाइलवर पाहू शकतो. त्याच्यासाठी गूगलवरची मोफत नोंद, बरोबर वेळा आणि चालू फोन नंबर पुरेसा आहे. मग वेबसाइट नकोच? तसेही नाही. या नोंदीतून बनवलेल्या मोफत वेबसाइट गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्या. परक्याच्या ओसरीवर थाटलेले दुकान कधीही उठवले जाते. म्हणून स्वतःच्या नावावर डोमेन घेऊन एक साधे मराठी पान करावे. त्यावर सोयाबीनचे कोणते वाण आहेत, सुटे भाग कोणते मिळतात, हे लिहावे. ‘सर्वोत्तम सेवा’ असले काही कुणी शोधत नाही.