भर दुपारी ट्यूबलाइट

पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत भर दुपारी वर चढून जा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि दाराच्या आत ट्यूबलाइट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, मागची टेकडीला टेकलेली, डोक्यावर पत्रा. उजेडाला वाट एकच, दाराची. तिथेही न्हाणीचा आडोसा आणि पाण्याचं पिंप. तांदूळ निवडायचे किंवा ब्लाउजला हुक लावायचे, तर बाई उंबऱ्यावर येऊन बसते. महावितरणने गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली की पोरांचं दप्तरही तिथेच येतं.

गरिबाघरच्या उजेडाची चर्चा आपल्याकडे अजून रॉकेल, कंदील आणि सौरदिव्याभोवतीच फिरते. दुर्गम पाड्यांसाठी ती हवीच. पुण्यातल्या वस्त्यांत मात्र बहुतेक घरांत वीज आहे. 2015 मध्ये ‘उजाला’ योजना आली आणि एलईडी बल्ब 70 रुपयांच्या घरात मिळू लागला. 9 वॅटचा बल्ब रोज दहा तास लावला तरी महिन्याला पावणेतीन युनिटंच जळतात. रात्रीचा प्रश्न बराचसा सुटला. दिवसाचा तसाच आहे, आणि त्याला कुणी प्रश्नच मानत नाही, याचा मला संताप येतो.

उपाय अगदी साधा आहे. ब्राझीलमधल्या उबेराबाच्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने 2002 मध्ये दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच घातलं आणि ती छपरात अशी बसवली की वरचा भाग उन्हात राहील. नुसत्या भोकातून कवडसा पडतो, तो जमिनीवर एकाच जागी. पाण्यातून मात्र ऊन वळतं आणि खोलीभर पसरतं. कडक उन्हात 40 ते 60 वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड मिळतो, ना वायर ना बिल. 2011 पासून मनिलात ‘लिटर ऑफ लाइट’ या चळवळीने हा उपाय घरोघरी नेला.

पुण्यात ते करायचं तर आधी पावसाचा विचार हवा. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं. खोलगट भागात पाडलं तर जूनमध्ये अंथरुणावर थेंब पडणारच. भोवतीचं सील उन्हाने तडकतं. दर मे महिन्यात ते बघावं लागतं. छपरात एक पारदर्शक फायबरचा पत्रा टाकला तरी उजेड येतो, पण दुपारची आगही सोबत येते. आणि जिथे माळा चढवलाय तिथे बाटलीचा उजेड वरच अडतो, खाली स्वयंपाकाला अंधार तो अंधारच. अशा घरात ती जिन्याच्या तोंडावर बसवावी, म्हणजे थोडा तरी खाली उतरेल.

बाटली ही तात्पुरती सोय आहे, हे मान्य. पण पक्क्या घरात गेल्यावर तरी उजेड मिळतो का? मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती जेमतेम तीन मीटरच्या अंतराने उभ्या केल्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या 2018 मधल्या अभ्यासात खालच्या मजल्यांवरचा अंधार, कोंडलेली हवा आणि क्षयरोग यांचा संबंध दिसून आला. झोपडीतला अंधार आपण सिमेंटमध्ये पक्का केला.

याच पुण्यात वेगळं काम झालेलं आहे. येरवड्यात शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या बीएसयूपी योजनेत ‘स्पार्क’ आणि ‘महिला मिलन’ या संस्था आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी कच्ची घरं होती त्याच जागी साधारण 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधली. रहिवाशांनी दहा टक्के वाटा भरला. आराखड्यावर त्यांच्याशी बोलणं झालं, शेजार मोडला नाही, गल्ल्या राहिल्या आणि गल्ल्यांवरचं आभाळही राहिलं.

म्हणून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे माझी मागणी एकच आहे. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या सर्वांत आतल्या खोलीत दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल का, याचं उत्तर आराखड्यावर लिहून घ्यावं आणि मगच मंजुरीचा शिक्का मारावा. पत्र्याच्या घरांसाठी महापालिकेने वॉर्डातल्या फॅब्रिकेटरला हाताशी धरून यंदाच्या पावसाआधी निदान एका गल्लीत बाटल्या बसवून दाखवाव्यात, आणि पाऊस संपल्यावर त्या गळल्या का, हे त्या घरातल्या बायकांनाच विचारावं.