साथीची खबर वेळेवर, तर धंदा जाग्यावर

साथीच्या रोगांवर सरकारची पाळत म्हटली की आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या कपाळाला आठ्या पडतात. पाळत म्हणजे तपासणी आणि तपासणी म्हणजे दुकानाला टाळे, असा हिशेब मनात पक्का बसला आहे. हा हिशेब सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो अर्धा आहे. साथ नोंदवल्याने धंदा जेवढा बुडतो, त्याच्या कितीतरी पट तो साथ उशिरा नोंदवल्याने बुडतो.

१९९४ साल आठवावे. बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगची शंका आली आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत भडका उडाला. मृतांची संख्या शंभराच्याही आत होती. पण लाखो माणसे सुरत सोडून पळाली, यंत्रमाग आणि हिऱ्यांचे कारखाने ओस पडले, आखाती देशांनी विमाने थांबवली. रोगापेक्षा घबराटीने जास्त घरे बुडवली. कारण कोठे किती रुग्ण आहेत हे ठामपणे सांगणारी व्यवस्थाच धड नव्हती. त्या फटक्यानंतर १९९७ मध्ये साथरोगांच्या देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २००४ मध्ये त्याची जागा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाने घेतली.

याचे काम साधे आहे. आरोग्यसेविका ताप, जुलाब, कावीळ अशी लक्षणे नोंदवते, डॉक्टर संशयित रोग कळवतो आणि प्रयोगशाळा पक्के निदान देते. ही माहिती जिल्हा व राज्यामार्फत दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रापर्यंत जाते. पूर्वी ती आठवड्याला जात असे. २०२१ पासून नव्या संगणकीय व्यवस्थेत ती रोजच्या रोज भरता येते.

पण साखळीची कच्ची कडी आपल्याच दाराशी आहे. वांगणीत किंवा बदलापुरात कारागिराला ताप आला की तो खाजगी दवाखान्यात सुई घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतो. खाजगी डॉक्टरने कळवले नाही तर हा रुग्ण कोणत्याच वहीत चढत नाही. उल्हास नदीला पूर आला की या पट्ट्यात लेप्टोचा धोका वाढतो. खाटीक, चामड्याचे कारागीर आणि जनावरांचे व्यापारी यांच्या हातापायाला चिरा असतात. तेथूनच रोग आत शिरतो. पुरानंतर अशा धंद्यातल्या माणसाला ताप आला, तर डॉक्टरला आपला धंदा सांगावा आणि रक्त तपासून घ्यावे.

कोंबडीच्या व्यापाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात कोंबड्या मरत होत्या आणि सुरुवातीला तो राणीखेत रोग समजला गेला. फेब्रुवारीत बर्ड फ्ल्यूचे निदान झाले तोवर दिवस निघून गेले होते. लाखो पक्षी मारावे लागले आणि देशभर चिकनचा खप कोसळला. याउलट फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत रोग आढळला तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारून साथ आवरण्याचे पाऊल तातडीने उचलले गेले. नुकसान तेथेही झाले, पण नवापूरची पुनरावृत्ती झाली नाही.

आता सरकारला दोन शब्द. माणूस खबर लपवतो तो हौसेने नव्हे, पोटासाठी. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात भरपाईचा उल्लेख आहे, पण तो 'असल्यास' या एका शब्दावर टांगलेला. जनावरांच्या रोगांसाठी २००९ चा कायदा आहे. पण मिळते ती भरपाई मारलेल्या जनावराची, बुडालेल्या रोजीची नाही. पक्षीपालकाला काही मिळते. गल्लीतल्या चिकनवाल्याने काय करावे? वांगणीत शेकडो दृष्टिहीन कुटुंबे राहतात. लोकलमध्ये किरकोळ माल विकून त्यांच्यापैकी अनेकांची चूल पेटते. मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि ती चूल विझली. त्यांनी कोणता रोग लपवला होता?

म्हणून आमची मागणी अशी की, साथीपायी सरकारी हुकमाने ज्याचा धंदा बंद होईल त्याला ठराविक मुदतीत भरपाई मिळावी, आणि ती कायद्याने हक्काची असावी. दुसरे, साथीच्या काळात जिल्हा प्रशासनाने रोज बाजारपेठेत फलक लावून रोग कोठे आहे आणि कोणता माल निर्धोक आहे हे सांगावे. २०२० च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो ही निव्वळ अफवा होती. पण तिने कोंबडीचा भाव खर्चाच्याही खाली आणला. अफवेला उत्तर वेळीच मिळायला हवे.

आणि आमच्या बंधूंना एवढेच सांगणे की, भरपाईची वाट पाहत खबर दाबून ठेवू नका. खुराड्यात एकाएकी पक्षी मरू लागले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कारखान्यात एकदम चार जण तापाने आडवे झाले तर आरोग्य केंद्रात सांगा. चार दिवसांचे टाळे परवडते. चार महिन्यांची बदनामी परवडत नाही. गिऱ्हाईक एकदा बिथरले की ते सहजासहजी परत येत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.